इतक्यात नको

हाम चुनसोकच्या बायकोने वर्षानुवर्षं सगळ्या चर्चला फसवलं, आणि तेही देवासमोर. आता फसवलं म्हणजे काय, तर मोठ्याने एक मागितलं आणि हळूच दुसरं. आमच्या चर्चमध्ये हे जमतं. पहाटेच्या प्रार्थनेला पाळक "प्रभू, प्रभू, प्रभू" अशी हाक देतात, की सगळे एकदम आपापलं गाऱ्हाणं ओरडून घालायला लागतात. कोणी बोटीवर गेलेल्या पोरासाठी, कोणी स्वतःच्या गुडघ्यांसाठी, कोणी सुनेचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून. छप्पर उडेल असा कल्लोळ असतो तो. त्यात शेजारची काय म्हणते ते शेजारचीला ऐकू येत नाही. देवाला येतं म्हणतात. मग पाळक टेबलावरची घंटा वाजवतात आणि सगळे जागच्या जागी गप्प होतात.

ही बायको, सुल्ले, त्या कल्लोळात आधी चारचौघींसारखंच म्हणायची, की प्रभू, माझ्या नवऱ्याला तुझ्या पायाशी आण. आणि कल्लोळ अगदी टिपेला पोचला की पुढचं म्हणायची, पण इतक्यात नको.

चुनसोक उत्तरेचा, हामहुंगकडचा. कोरियाच्या लढाईच्या हिवाळ्यात बंदराला अमेरिकन जहाज लागलं, तेव्हा बायकोला आणि लहान मुलीला "दोन-चार दिवसांत येतो" सांगून तो चढला, आणि सरहद्द बंद झाली ती झालीच. आमच्या अख्ख्या वस्तीची हीच कथा. या वाळूच्या पट्ट्यावर बापड्यांनी झोपड्या घातल्या त्यासुद्धा तात्पुरत्या, कारण परत जायचंय ना! अजून जातायत. थकून काहींनी दुसरी लग्नं केली, तसं चुनसोकने सुल्लेशी केलं. सुल्ले इथलीच, सोकचोची. लग्नाआधी तिला सगळं सांगितलं होतं, लपवाछपवी काही नव्हती. एकच गोष्ट तिला पुढे कळली, तीही त्याच्या एका गाववाल्याने दारू चढल्यावर बरळली म्हणून. चुनसोक स्वतः कधी चर्चची पायरी चढला नव्हता, पण त्याची पहिली बायको, इनसिल, पक्की ख्रिस्ती होती. बाप चर्चचा पुढारी, आणि पोरगी पहाटेच्या घंटेआधी चर्चमध्ये हजर.

सुल्ले तोवर स्वतः चर्चमध्ये चांगली रुळली होती. बायकांची पुढारीणच झाली होती म्हणा ना. त्या दिवसापासून मात्र तिच्या स्वर्गात खडा पडला. ती स्वतः तिथे जाणार याबद्दल तिला शंका नव्हती. इनसिलही जाणार, किंवा केव्हाच गेली असेल. मग चुनसोकने बाप्तिस्मा घेतला की तोही जाणार, आणि दारातच ती उभी असणार, कडेवर मूल घेऊन. सुल्लेच्या डोळ्यांपुढे इनसिल कायम ऐन तारुण्यातली होती, केस चापूनचोपून मागे बांधलेली. आणि सुल्ले तिथे पोचणार ती कंबर धरून, जन्मभर मासे चिरून वाकड्या झालेल्या बोटांनी. संसार कोणी केला, तर हिने. त्याची जाळी शिवली, त्याची उलटी काढली, योंगगूला जन्म दिला, वाढवला, उल्सानला नोकरीला लावला. आणि अनंतकाळ कोणाचा, तर जिच्यासोबत तो पुरती चार वर्षं राहिला नाही तिचा. हे काही सुल्लेच्या घशाखाली उतरेना.

बरं, तो नरकात जावा असंही तिला वाटत नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. ज्याने बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं नाही त्याचं काय होतं हे तिने प्रवचनांत इतक्यांदा ऐकलं होतं, की चुलीत कोळशाची वडी बदलताना लाल निखाऱ्याकडे ती बघायची नाही. म्हणून तर ती "नको" म्हणत नसे, "इतक्यात नको" म्हणत असे. आज नको, पुढच्या नाताळात बघू. नाताळ आला की ईस्टरला बघू. आणि चुनसोकही असा, की चर्चचं नाव काढलं की बोटीचं काहीतरी दुरुस्त करायला उठायचा. बायका सुल्लेच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या की धीर धर, देव तुझं ऐकेल. ऐकतच होता की तो.

सोलचं ऑलिंपिक होऊन गेलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चुनसोक खोकायला लागला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो काढला आणि त्याला घरी घेऊन जा म्हणाले, जे खावंसं वाटेल ते द्या म्हणाले. योंगगू येऊन आठ दिवस राहिला आणि रजा संपली म्हणून रडत परत गेला. सुल्लेने नवऱ्याला चुलीकडच्या गरम जमिनीवर अंथरूण घातलं, आणि तिची झोप उडाली. आता "पुढच्या नाताळात" म्हणायला जागाच राहिली नाही. त्याचा श्वास हातपंपातलं पाणी संपल्यावर येतो तसा आवाज करायचा. आवाज थांबला की ती स्वयंपाकघरातून धावत यायची, आणि तो नुसता कूस बदलत असायचा.

तरीही ती पहाटे जाऊन तेच म्हणत राहिली. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा. त्यातच सर्दीने तिच्या कानांना दडे बसले होते. एका पहाटे पाळकांनी घंटा वाजवली, सगळे गप्प झाले, आणि सुल्लेला घंटा ऐकूच आली नाही. सगळ्या चर्चमध्ये तिचा एकटीचा आवाज राहिला.

"इतक्यात नको, प्रभू. तुझ्या पाया पडते. इतक्यात नको."

तिने डोळे उघडले तर सगळ्यांच्या माना तिच्याकडे. सुल्लेला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण शेजारच्या पाकबाईने तिला मिठीच मारली आणि हमसून हमसून रडायला लागली. पाळक कू चष्मा काढून पुसू लागले. मागच्या बाकावर कोणीतरी आमेन म्हणालं. अर्थ सगळ्यांनी आपापला लावला होता. नवरा मरणाच्या दारात आहे, आणि बिचारी देवाला म्हणतेय, त्याला इतक्यात नेऊ नको. सुल्लेने तो अर्थ दुरुस्त केला नाही. कोणी केला असता?

पाकबाईच्या पोटात काही राहत नाही हे वस्तीतल्या मांजरांनासुद्धा माहीत आहे. दुपारी ती गरम पेजेचं भांडं घेऊन चुनसोकला बघायला आली, आणि तुमची बायको तुमच्यासाठी देवाशी कशी भांडते, कशी एकटीच ओरडत राहिली, याचं तिने असं वर्णन केलं की चुनसोकने पेज खाली ठेवली. तो मुळातच कमी बोलायचा. मागे एकदा टीव्हीवर ताटातूट झालेली माणसं एकमेकांना शोधत होती, तेव्हा तो सबंध उन्हाळा टीव्हीपुढे बसून होता, तेव्हाही एक अक्षर बोलला नव्हता. त्याची माणसं उत्तरेत. ती त्या टीव्हीवर दिसणारच नव्हती. तरी बसला होता.

दुसऱ्या दिवशी सुल्ले त्याच्यासाठी माशाचे काटे काढत बसली होती, तेव्हा तो म्हणाला, "पाळकांना बोलाव."

"कशाला?"

"पाण्याला. तू एवढी रडलीस म्हणे तिथे. घेतो म्हण."

सुल्लेच्या हातातला काटा बोटात घुसला. इतक्या वर्षांत देवाने तिचं ऐकलं, आणि आता तिच्याच आरडाओरडीने हा उठून बसला. ती बोट चोखत राहिली. थोड्या वेळाने त्याने छताकडे बघत विचारलं, "तिथे माणसं ओळखू येतात का गं एकमेकांना?"

"येत असतील. तुम्हाला कोणाला ओळखायचंय?"

"असंच विचारलं," चुनसोक म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

असंच! सुल्लेला काय कळत नव्हतं होय? तिने सरळ आवाजात सांगितलं की पाळक सोलला गेलेत, शनिवारशिवाय येत नाहीत. पाळक कुठेही गेले नव्हते. खाडीपलीकडे स्वतःच्या चर्चमध्ये शेगडीचं धुराडं साफ करत होते.

"मग शनिवारपर्यंत थांबायला हवं," चुनसोक म्हणाला. आणि खरोखरच थांबायच्या तयारीला लागला. खाववत नव्हतं तरी खाऊ लागला. औषध मुकाट्याने घेऊ लागला. दर सकाळी आज कोणता वार म्हणून विचारायचा. ते बघून सुल्लेला त्याचा रागही यायचा आणि स्वतःची भीतीही वाटायची. तो शनिवारच्या आत गेला तर? तर त्याला आगीत ढकलणारी कोण, तर ती स्वतः. आणि न्यायाच्या दिवशी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतील, पाकबाईसमोरसुद्धा. रस्त्यात पाळक दिसले तर काय, म्हणून ती दुकानातही जाईना. पाकबाईला तिने दारातूनच परत पाठवलं, त्यांना झोप लागलीय म्हणाली. आत चुनसोक टक्क जागा होता.

शुक्रवारी सकाळी त्याचे ओठ निळे दिसायला लागले. सुल्लेने शाल नाही की मफलर नाही, घरातल्याच कपड्यांवर धाव घेतली. आमची खाडी ओलांडायची तर ती सपाट होडी तारेला आकडा लावून आपणच ओढायची असते. होडीवाला म्हणाला, मावशी, बसा, मी ओढतो. तिने ऐकलं नाही. आकडा घेऊन अशी ओढत सुटली की तोच तिच्याकडे बघत राहिला.

पाळक कू चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढत होते. तरुण माणूस, शिकलेला, मनाने स्वच्छ. कोणी प्रश्न विचारला की त्यांना आनंद व्हायचा, आणि उत्तर पुस्तकात आहे तसंच, कमी नाही जास्त नाही, द्यायचे. सुल्लेने नवऱ्याचं नाव काढण्याआधी आडून विचारलं. म्हणाली, माझ्या ओळखीतल्या एका बाईच्या नवऱ्याची आधी एक बायको होती. तिघंही स्वर्गात गेली तर तो कोणाचा?

पाळक हसले. हा प्रश्न लोकांनी प्रभूलाच विचारला होता, असं त्यांनी सांगितलं. "तिथे लग्न नाही, बाई. कोणी कोणाचा नवरा नाही, कोणी कोणाची बायको नाही. सगळे देवदूतांसारखे. सगळे भाऊ-बहिणी."

"म्हणजे माझा नवरा माझा भाऊ?"

"एका अर्थी, हो."

सुल्लेला दोन सख्खे भाऊ होते आणि दोघांशीही तिचं बोलणं नव्हतं. एवढ्यासाठी का आपण जन्मभर पहाटे थंडीत उठत आलो, असं तिच्या मनात आलं. उपास केले, फरशीवर गुडघे झिजवले, ते वर गेल्यावर आणखी एक भाऊ मिळावा म्हणून? पण दुसऱ्याच क्षणी तिला हलकं वाटलं. म्हणजे इनसिललाही तो मिळणार नव्हता. नाही तुला, नाही मला. हा विचार चांगला नव्हता हे तिला कळत होतं, पण त्या विचाराने पायांत बळ आलं. तिने पाळकांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि म्हणाली, चला, आत्ताच्या आत्ता चला, तो पाणी मागतोय.

पाळक चांदीचा वाडगा रुमालात गुंडाळून निघाले. वाटेत पाकबाई भेटली. तिला कसं कळतं देव जाणे. तीही मागे आलीच.

चुनसोकने पाळकांना बघितलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला. सुल्लेने त्याच्या पाठीशी उशी लावली. दम खात तो म्हणाला, "सोलहून कधी आलात?"

"मी कुठे गेलो होतो सोलला?" पाळक म्हणाले.

चुनसोकने मान वळवून बायकोकडे बघितलं. सुल्ले वाडग्यात कोमट पाणी ओतत होती. त्यातलं निम्मं चटईवर सांडलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो नुसता बघत राहिला, आणि त्याला सगळं कळलं हे तिला कळलं. पाकबाईने तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, परत मिटलं.

पाळकांनी विचारायचं ते विचारायला सुरुवात केली. चुनसोकने हात वर केला. "आधी माझं एक विचारू द्या. तिथे बायको ती बायकोच राहते का? पोरगी ती पोरगीच?"

सुल्लेने डोळ्यांनी पाळकांना खुणावलं. पण तो माणूस खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी मघाचंच उत्तर दिलं, तितक्याच प्रेमाने, की तिथे ही नाती उरत नाहीत, त्याहून मोठं प्रेम असतं. चुनसोक ऐकत राहिला. मग म्हणाला, "समुद्र?"

पाळक घुटमळले. "नव्या पृथ्वीवर समुद्र नसेल, असं लिहिलंय."

"समुद्रही नाही." चुनसोकला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ गेली नाही. मग तो आडवा झाला. "मग राहू द्या हो. बायको ओळखणार नाही, पोरगी बाप म्हणणार नाही, बोट नाही. मी तिथे जाऊन काय माशा मारू? तुम्ही एवढे बर्फातून आलात, काहीतरी गरम घेऊन जा."

पाळक गुडघ्यावर पुढे सरकले. अश्रू नाहीत, मरण नाही, वेदना नाही, असं सांगू लागले. त्यांचा आवाज कापत होता. त्यांनाही त्या माणसाची काळजी होती. चुनसोकने डोळे मिटून घेतले होते. शेवटी पाळकांनी वाडग्यावर रुमाल टाकला, आणि तो रुमाल बघून सुल्लेच्या काळजाचं पाणी झालं. झालं तर मग. तिने जे मागितलं ते पूर्ण मिळालं होतं. इतक्यात नको, आणि कधीच नको. आता हा श्वास थांबणार, आज किंवा उद्या, आणि हा माणूस, जो वादळातसुद्धा दुसऱ्याची बोट ओढून आणायचा, तो जळत राहणार, आणि ती वर बसून गाणी म्हणणार. इनसिलबद्दलची सगळी जळजळ त्या भीतीपुढे कुठल्या कुठे गेली.

तिने तो रुमाल उचलून बाजूला फेकला.

"ऐकू नका त्यांचं," ती नवऱ्याला म्हणाली. "पाळकसाहेबांना काय माहीत? ते कधी गेलेत का तिथे?"

"बाई, पवित्र शास्त्रात..." पाळक म्हणाले.

"तुम्ही थांबा जरा. शास्त्र लिहिणाराही जिवंतपणीच लिहीत होता." असं काही आपण बोलू शकतो हे सुल्लेला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिने चुनसोकचा हात धरला. "इनसिल असेल तिथे." त्या घरात ते नाव पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं गेलं. "लहानगीही असेल. ओळखतील तुम्हाला. बापाला कोण ओळखत नाही? तुम्ही घ्या पाणी."

चुनसोकने डोळे उघडले. "आणि नसली तर?"

"नसली तर जिवंत आहे. ते तरी कळेल तुम्हाला."

इतक्या वर्षांत हे त्याच्याही डोक्यात आलं नसावं. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं, आणि सुल्लेने ते पुसलं.

"आणि तू आलीस म्हणजे?" त्याने विचारलं.

"मी शेजारी घर घेईन. इथे काय, भिंतीला भिंत लागूनच राहतो की सगळे. तुम्ही जा हो."

चुनसोकने पाळकांकडे मान वळवली आणि हलवली. पाळकांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. अशा कारणासाठी पाणी द्यावं की देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पाकबाईकडे बघितलं. पाकबाई म्हणाली, "द्या ना. बघताय काय?" मग त्यांनी हात बुडवला, आणि बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने चुनसोकच्या विरळ केसांवर पाणी शिंपडलं. आमेन सगळे म्हणाले. सुल्लेही म्हणाली, पण त्यातलं किती तिला खरं वाटत होतं हे तिला विचारू नका. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिला एवढंच कळत होतं की ते डोकं फार हलकं झालंय.

पाकबाई चहा द्यायला पाळकांना घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. सुल्ले टॉवेलने त्याचे केस कोरडे करू लागली. चुनसोकचा श्वास आता थोडा सावकाश चालला होता. त्याने हळूच तिचं मनगट धरलं.

"योंगगूची आई," तो म्हणाला, "ती भेटली तर तुझ्याबद्दल काय सांगू?"

सुल्लेला एक सुचलं ते फार लांबलचक होतं, आणि एक सुचलं ते बोलण्यासारखं नव्हतं.

"खरं ते सांगा," ती म्हणाली. "तिथे खोटं चालत नाही म्हणतात."

आणि टॉवेल पिळायला म्हणून तिने तोंड फिरवलं.